लाल दिवा आणि लाल बावटा

जिवा पांडू गावीत सात वेळा आमदार झाले आणि एकदाही मंत्री झाले नाहीत. सुरगाण्यात हे वाक्य कौतुकानं म्हटलं जातं, तसंच तक्रारीनंही. कधी कधी एकाच घरात दोन्ही सूर लागतात. पुढचा वाद अशाच एका घरातला आहे. मामा गावीतांच्याच मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे आणि त्याच्या किसान सभेचे जुने कार्यकर्ते. भात, नागली, थोडी वरई पिकवतात आणि द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे मजुरीला जाऊन आलेले आहेत. भाचा नाशिकला खोली घेऊन राज्यसेवेची तयारी करतो आणि सुट्टीत गावी आला की मामांच्या ओट्यावर बसून त्यांच्या पक्षाची उलटतपासणी घेतो. दोघांची नावं देत नाही, त्यांनीच नको म्हटलं. मी ऐकायला बसलो होतो. मधे जिथं माझं मत आलं आहे, तिथं ते माझं म्हणूनच लिहिलं आहे.

भाचा : मामा, मी साधा हिशेब सांगतो. १९७८, १९८०, १९८५, १९९०. सलग चार वेळा सुरगाण्यातून. १९९५ ला हरिश्चंद्र चव्हाणांनी पाडलं. मग १९९९ आणि २००४ ला परत, आणि २०१४ ला कळवणमधून. एवढ्या वर्षांत दुसरा कोणी असता तर निदान राज्यमंत्री तरी झाला असता. आपल्या माणसाकडे एक खातं आलं नाही, एक फाईल सहीला आली नाही. याला तुम्ही कारकीर्द म्हणता?

मामा : खुर्ची मिळालीच नाही असं कसं म्हणतोस? २०१४ ला नवी विधानसभा भरली तेव्हा सगळ्यांना शपथ कोणी दिली? हंगामी अध्यक्ष कोण होतं? गावीत साहेबच. मुख्यमंत्र्यानं सुद्धा त्यांच्यासमोर आमदारकीची शपथ घेतली.

भाचा : तीन दिवस! १० नोव्हेंबरला बसले आणि १२ ला हरिभाऊ बागडे अध्यक्ष झाले. ती खुर्ची ज्येष्ठतेनं मिळते मामा, राज्यपाल बसवतात. त्या खुर्चीवरून सुरगाण्याला एक हातपंप देता येत नाही.

मामा : हातपंपासाठी मंत्री लागतो?

भाचा : आपल्याकडे लागतो. हेच तर म्हणतोय.

हा टोला बरोबर बसला होता. मामांनी तंबाखूची पुडी काढली, म्हणजे उत्तर शोधायला वेळ हवा होता. तेवढ्यात ज्यांनी हा तालुका पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. सुरगाणा नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, घाटमाथा उतरून गुजरातच्या अंगाला आहे. १९४८ पर्यंत हे एक छोटं संस्थान होतं. पाऊस दाबून पडतो. नार, पार, अंबिका या नद्या इथल्या डोंगरातून निघून पश्चिमेला गुजरातकडे धावतात, आणि एप्रिल-मे आला की बाया डोक्यावर हंडे घेऊन झऱ्याकडे निघतात. लोक बहुतेक कोकणा, वारली, महादेव कोळी. जमीन म्हणजे बरीचशी जंगलखात्याच्या नोंदीतली जमीन. ती बापजाद्यांपासून कसली जाते आणि कागदावर मात्र अतिक्रमण ठरते. या तालुक्यातल्या राजकारणाचा खोल धागा हाच आहे. बाकी रस्ता, वीज, दवाखाना, आश्रमशाळा हे सगळं या धाग्यावर ओवलेलं.

मामा : तू अ. तु. पवारांचं नाव घेणार, मला ठाऊक आहे.

भाचा : घेणारच. कळवणचे अर्जुन तुळशीराम पवार. तेही आदिवासीच, त्यांनीही कितीतरी निवडणुका जिंकल्या, पण ते मंत्री झाले. कळवणला जाऊन बघा, बंधारे, पाझर तलाव. पुनंदच्या धरणाला लोक अर्जुनसागर म्हणतात. आपल्याकडे कोणत्या पाण्याला गावीत साहेबांचं नाव आहे?

मामा : कळवणला गिरणेचं खोरं आहे बाबा, सपाटी आहे. आपल्याकडे पाणी थांबायलाच तयार नाही.

भाचा : पाणी अडवायला पैसा लागतो, आणि पैसा सहीनं येतो. आदिवासी विकास हे स्वतंत्र खातं १९८३ ला झालं. आदिवासींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात नऊ टक्के निधी वेगळा काढायचा, ही सुकथनकर समितीची शिफारस. ती १९९३ च्या सुमाराला अमलात आली तेव्हा खात्याचे मंत्री मधुकर पिचड होते. त्या नऊ टक्क्यांतून आश्रमशाळा चालल्या, वसतिगृहं झाली. मी ज्या वसतिगृहात राहून बारावी केली ते तुमच्या मोर्चानं बांधलेलं नाही.

मामा : निवांत सांग. त्या वसतिगृहात महिनोन्‌महिने भत्ता यायचा नाही, तेव्हा तू काय केलंस?

भाचा : (थोडं थांबून) आंदोलन केलं.

मामा : हं.

हे «हं» मामांनी इतकं हळू म्हटलं की त्यातली मजा भाच्याच्या कानापर्यंत जायला वेळ लागला. पण मुलगा हुशार आहे, लगेच सावरला.

भाचा : आंदोलन नको असं मी म्हणतच नाही. पण आंदोलन करणारा आणि सही करणारा हे दोघं कायम वेगळेच राहावेत, असा नियम तुमच्या पक्षानं का केला? १९९६ ला तर पंतप्रधानपद घरी चालून आलं होतं. पक्षानं नको म्हटलं, आणि ज्योती बसूंनीच पुढं त्याला ऐतिहासिक घोडचूक म्हटलं. बंगालला मंत्री चालले, केरळला चालले, मग महाराष्ट्रातच सोवळं का?

मामा : सोवळं नाही. इथं आमचा आमदार एक, फार तर दोन-तीन. एका आमदाराला मंत्री कोण करतो? ज्याच्याकडे तो पक्ष सोडून जाईल तो. गावीत साहेबांना मंत्री व्हायचं असतं तर पंजा, घड्याळ, कमळ, कोणीही दार उघडलं असतं. भारतीताई पवार नाही का गेल्या? २०१४ ला घड्याळावर लोकसभा लढल्या, २०१९ ला कमळावर जिंकल्या, २०२१ ला केंद्रात आरोग्य राज्यमंत्री.

भाचा : आणि शेवटी शेवटी आदिवासी खात्याच्या राज्यमंत्रीही. त्यात वाईट काय? आपल्या दिंडोरी मतदारसंघाची डॉक्टर बाई दिल्लीत मंत्री झाली.

मामा : मी वाईट म्हटलंच नाही. पण मला एक सांग. त्या मंत्री झाल्या त्याच काळात, २०२२ च्या शेवटी, आपल्याच तालुक्यातली सीमेवरची गावं म्हणाली की आम्हाला गुजरातमध्ये घाला. रस्ता नाही, दवाखाना नाही, पलीकडे सगळं आहे. घरात मंत्री असून गावं घर सोडायला निघाली!

भाचा : तो ठपका तुमच्यावरही आहे मामा! तुमच्या माणसानं सात वेळा प्रतिनिधित्व केलं त्या तालुक्याची ही अवस्था. गावकरी मंत्र्यावर चिडले तसे आमदारांवरही चिडले. गेल्या चाळीस वर्षांतल्या सगळ्यांवर चिडले.

इथं मी भाच्याच्या बाजूनं आहे. डाव्या पक्षाचे लोक हा प्रसंग सांगताना «सरकारचं अपयश» एवढंच म्हणून पुढं जातात. पण एका तालुक्यानं एका माणसाला इतकी वर्षं निवडून दिल्यावर सीमेपलीकडचा डांबरी रस्ता दाखवून गाव रडत असेल, तर त्या कारकिर्दीच्या खात्यावर ते लिहावंच लागेल. फक्त त्या वेळी झालं काय, तेही लिहायला हवं. गावांनी राज्य सोडण्याची भाषा केली आणि बैठका लागल्या, अधिकारी आले. म्हणजे ज्यांनी कोणत्याच खुर्चीची वाट पाहिली नाही, त्यांच्याकडे खुर्च्या स्वतः चालत आल्या. हे मामांच्या पथ्यावर पडणारं आहे. मामांनी ते म्हटलं नाही म्हणून मी म्हणतो.

यानंतर भाच्यानं नॉर्वे काढला. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना हा देश दोन कारणांनी पाठ असतो, मानव विकास निर्देशांकात वरचा नंबर आणि ब्रुंटलँड आयोग.

भाचा : मंत्रिपदानं काय होतं ते बघायचं तर ग्रो हार्लेम ब्रुंटलँड बघा. त्याही डॉक्टर. १९७४ ला पस्तिसाव्या वर्षी पर्यावरणमंत्री, १९८१ ला देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान. १९८६ ला परत आल्या तेव्हा अठरा जणांच्या मंत्रिमंडळात आठ बायका घेतल्या. १९८७ ला त्यांच्या आयोगाचा अहवाल आला, «अवर कॉमन फ्युचर». शाश्वत विकास हा शब्द जगाच्या तोंडी बसला तो तिथून. मग जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालक. ही कारकीर्द! खुर्चीवर बसल्याशिवाय यातलं काय झालं असतं?

मामा : कुठला देश हा?

भाचा : नॉर्वे. युरोपच्या उत्तरेला. बर्फाचा देश.

मामा : तिथं जंगलातली माणसं नाहीत?

भाचा : आहेत. सामी. उत्तरेला राहतात, रेनडिअर पाळतात.

मामा : त्यांचं काय झालं?

भाचा गप्प बसला असता तर वाद तिथंच जिंकला असता. पण अभ्यास करणाऱ्या मुलाला माहीत असलेलं उत्तर दाबून ठेवता येत नाही.

भाचा : अल्टा नावाच्या नदीवर वीज प्रकल्प ठरला. पहिल्या आराखड्यात मासी नावाचं सामींचं गावच बुडणार होतं. विरोध झाला, ते गाव आराखड्यातून निघालं, पण धरण राहिलं. १९७८ ला संसदेनं मंजुरी दिली, तेव्हा ब्रुंटलँड बाई पर्यावरणमंत्री होत्या. १९७९ ला सामी तरुण राजधानीत, संसदेसमोर तंबू ठोकून उपोषणाला बसले. १९८१ च्या जानेवारीत जागेवर माणसांनी स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतलं आणि शेकडो पोलीस आणून त्यांना उचललं. फेब्रुवारीत बाई पंतप्रधान झाल्या आणि लगेच सामी बायका त्यांच्या कार्यालयात जाऊन बसल्या. उठेनात. शेवटी त्यांनाही पोलिसांनी बाहेर काढलं.

मामा : आणि धरण?

भाचा : झालं. १९८७ ला.

मामा : ज्या वर्षी तुझा तो अहवाल आला त्याच वर्षी?

भाचा : ... हो. त्याच वर्षी.

मामा हसले नाहीत. मला वाटलं होतं हसतील. नार-पारचं पाणी, पार-तापी-नर्मदा जोड, बुडणाऱ्या गावांच्या याद्या या गोष्टी या ओट्यावर कित्येक वर्षं बोलल्या गेल्या आहेत. किसान सभेच्या २०१८ च्या मोर्चाच्या मागण्यांतही हे होतं की नद्या जोडा, पण आदिवासींची गावं बुडवून नको. २०२२ ला पार-तापी-नर्मदा प्रकल्प होणार नाही असं गुजरातच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं नार-पार-गिरणा योजना मंजूर केली. अल्टाची गोष्ट ऐकताना मामांच्या डोळ्यांसमोर बर्फ नसणार.

भाचा : पण गोष्ट तिथं संपत नाही, पुढचं ऐका. त्या भांडणामुळं सामींच्या हक्कांसाठी समिती बसली. १९८७ ला सामी कायदा झाला. १९८९ ला सामींची स्वतःची संसद उघडली, राजा स्वतः हजर होता. आदिवासींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार, क्रमांक १६९, तो जगात सगळ्यांत आधी नॉर्वेनं मान्य केला, १९९० ला. भारतानं आजही केलेला नाही. हे सगळं सरकारनं केलं मामा. कायदा मांडायला, सही करायला कोणीतरी खुर्चीवर होतं.

मामा : आणि खाली तंबूत कोणी नसतं तर?

भाचा : तर झालं नसतं. मान्य. पण वर कोणीच ऐकणारं नसतं तरीही झालं नसतं.

मामा : तिथले मंत्री आमदार पण असतात का?

भाचा : नाही, तिथं गंमत आहे. खासदार मंत्री झाला की त्याची संसदेतली जागा बदली सदस्य चालवतो. मंत्री फक्त सरकारचं काम बघतो.

मामा : म्हणजे लोकांना त्यांचा माणूस उरतो! इथं मंत्री झाला की तो मुंबईत, आणि आपण नाशिकच्या स्टँडवर. आमचे गावीत साहेब कायम गावी, अलंगुणला सापडायचे, ते उगाच नाही.

ही नॉर्वेची तरतूद मामांना इतकी आवडली की पुढं दोनदा त्यांनी ती मला समजावून सांगितली, जणू मीच विचारली होती.

मग आला लाँग मार्च. सुरगाण्यात राजकारणावर बोलायचं आणि २०१८ चा मार्च टाळायचा हे शक्यच नाही. ६ मार्चला नाशिकहून निघाले, मुंबई-आग्रा रस्त्यानं कसारा घाट उतरून १२ तारखेला आझाद मैदानावर. सुमारे १८० किलोमीटर. किसान सभेचे अशोक ढवळे, अजित नवले, किसन गुजर आणि त्या वेळी आमदार असलेले गावीत पुढं होते. चालणाऱ्यांत सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण भागातले आदिवासी मोठ्या संख्येनं. मुंबईच्या वेशीत शिरताना माणसं चाळीस-पन्नास हजारांपर्यंत गेली असं तेव्हा सांगितलं गेलं.

मामा : आम्ही सोमय्या मैदानावर पोचलो होतो. पायाची सालपटं निघालेली. सकाळी आझाद मैदानाकडे निघायचं ठरलं होतं. मग कळलं की दहावीचा पेपर आहे, रस्ता अडला तर पोरं पोचायची नाहीत. तर रातोरात उठलो आणि चाललो. सकाळी मुंबई जागी झाली तेव्हा आम्ही जाऊन बसलेलो. त्या दिवशी मुंबईची माणसं खायला घेऊन आली, चपला घेऊन आली. आणि दुपारी सहा मंत्री एका टेबलाला. गावीत साहेब टेबलाच्या या बाजूला. तू म्हणतोस मंत्री झाले नाहीत. अरे, त्या दिवशी मंत्र्यांनाच त्यांच्यासमोर यावं लागलं!

भाचा : मग काय मिळालं?

मामा : लेखी मिळालं. वनदावे सहा महिन्यांत निकाली काढू.

भाचा : आणि?

मामा : (पुडी पुन्हा उघडत) २०१९ च्या फेब्रुवारीत परत निघालो.

भाचा : आणि २०२३ च्या मार्चमध्ये परत. दिंडोरीहून निघून वाशिंदपर्यंत. परत चर्चा, परत समिती. मामा, सहा महिन्यांत होणार होतं ते पाच वर्षांत झालं नाही म्हणून पुन्हा चालावं लागलं. मंत्री टेबलाला आले हे खरं, पण उठून गेल्यावर फाईल कोणाच्या हातात राहिली? आपल्या माणसाच्या नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

मामा : कायदा तरी कोणी आणला? २००६ चा वनहक्क कायदा. दिल्लीत तेव्हा डाव्यांचा एकही मंत्री नव्हता, बाहेरून पाठिंबा होता. बाहेर राहून कायदा करून घेतला की नाही? रोजगार हमीचा २००५ चा कायदाही त्याच काळातला.

हा मामांचा सगळ्यांत भक्कम मुद्दा, आणि महाराष्ट्राच्या इतिहासात त्याला जुना आधार आहे. आपली रोजगार हमी योजना ज्यांची म्हणून ओळखली जाते ते वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, मंत्री नव्हे. १९६५ ला त्यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली आणि पुढं तिचा कायदा झाला. सुरगाण्यासारख्या तालुक्यांत कित्येक घरांच्या चुली या योजनेनं पेटत्या ठेवल्या. तेव्हा मंत्री झाल्याशिवाय मोठं काम होत नाही, हे भाच्याचं विधान टिकत नाही. पण कायदा बाहेरून करून घेता येतो म्हणून अंमलही बाहेरून करून घेता येईल, हे मामांचं गृहीतही टिकत नाही. कायदा एकदा होतो. दावे मात्र एकेक करून निकाली निघतात. ग्रामसभेची वनहक्क समिती, मग प्रांताकडची उपविभागीय समिती, मग जिल्हाधिकाऱ्यांकडची जिल्हास्तरीय समिती. या साखळीत कुठल्याही मोर्चाला आणि कुठल्याही मंत्र्यालाही रोज उभं राहता येत नाही. कोणी चार एकर कसत असतो आणि हातात पडतो काही गुंठ्यांचा पट्टा. पट्टा मिळाला तरी सातबाऱ्यावर नाव कब्जेदार म्हणून लागत नाही, इतर हक्कांच्या रकान्यात लागतं. म्हणून «कब्जेदार सदरी नाव लावा» ही मोर्चाची मागणी होती.

आणखी एक गोष्ट या दोघांच्याही बोलण्यात आली नाही, मला ती महत्त्वाची वाटते. २००९ पासून सुरगाणा हा विधानसभा मतदारसंघच उरला नाही. पुनर्रचनेत तो कळवणला जोडला गेला. त्या पहिल्या निवडणुकीत अ. तु. पवार जिंकले, गावीत हरले. २०१४ ला उलटं झालं. २०१९ आणि २०२४ ला पवारांचे चिरंजीव नितीन पवार. म्हणजे १९७८ पासून ज्या माणसानं जंगलजमिनीच्या एका प्रश्नावर राजकारण उभं केलं, त्याला साठीनंतर कांदा पिकवणाऱ्या गिरणाकाठच्या मतदारासमोर उभं राहावं लागलं. २०२३ च्या मोर्चात कांद्याला क्विंटलमागे सहाशे रुपये अनुदान ही मागणी ठळक होती. कांद्याचे भाव त्या वर्षी राज्यभर कोसळले होते हे खरंच आहे. तरी डोंगरातून निघालेल्या मोर्चाच्या तोंडी कांदा यावा, यात मला मतदारसंघाची नवी हद्दही दिसते. गावीत मंत्री का झाले नाहीत यावर इथं पुष्कळ बोललं जातं. सुरगाण्याचा स्वतःचा आमदार असणं कधी आणि कसं संपलं, यावर कोणी बोलत नाही.

मी हे म्हटल्यावर दोघंही माझ्याकडे बघायला लागले. भाचा म्हणाला, «हे मात्र खरं.» मामा म्हणाले, «चहा घ्या.»

भाचा : बरं, झिरवाळ साहेबांचं काय म्हणाल? दिंडोरीचे नरहरी झिरवाळ. तेव्हा विधानसभेचे उपाध्यक्ष होते. ४ ऑक्टोबर २०२४ ला मंत्रालयाच्या तिसऱ्या मजल्यावरून जाळीवर उडी मारली. आदिवासी क्षेत्रातल्या पेसा भरतीसाठी, आणि धनगरांना आदिवासींतून आरक्षण नको म्हणून.

मामा : म्हणजे माझंच खरं ना! उपाध्यक्षाची खुर्ची असून उडी मारावी लागली. त्याच पेसा भरतीसाठी त्या वर्षी नाशिकला आंदोलन झालं, त्यात गावीत साहेब जमिनीवर बसले होते. एक जमिनीवर, एक जाळीवर. खुर्ची कोणाच्याच कामी आली नाही.

भाचा : पण डिसेंबरला झिरवाळ मंत्री झाले.

मामा : कोणत्या खात्याचे?

भाचा : अन्न व औषध प्रशासन.

मामा : आदिवासी विकास का नाही?

भाचा : ते अशोक उईकेंकडे गेलं. तेही आदिवासीच आहेत.

मामा : मला कोण आहे ते नको सांगू. मला हे सांग की आपला माणूस मंत्री झाला तरी आपल्याला हवं ते खातं त्याला देणार कोण? मुख्यमंत्री. मुख्यमंत्र्याला सांगणार कोण? त्याचा पक्ष. मग आपण कुठं आलो यात?

भाचा : कुठंच नाही. पण मामा, २०२४ ला लोकसभेला गावीत साहेबांनी अर्ज मागे घेतला, भास्कर भगरे सरांना पाठिंबा दिला, ते जिंकले. तेव्हाही आपण कुठं आलो? सहा महिन्यांनी कळवणला गावीत साहेब परत पडले. त्यागाचं मोल कोणी दिलं?

मामा यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. हा विषय त्यांना लागतो. खुर्ची न मिळण्याचं त्यांना काही वाटत नाही. पण दुसऱ्यासाठी वाट सोडून दिल्यावर आपल्याला वाट मिळाली नाही, हे त्यांच्या हिशेबात कुठल्याच रकान्यात बसत नाही. मी स्वतः असं म्हणेन की गावीतांच्या कारकिर्दीचं माप काढायला मंत्रिपद हे माप तोकडं आहे, आणि लाँग मार्च हे माप जरा जास्तच लांब आहे. मार्चचे सहा-सात दिवस जगानं पाहिले. त्याआधीची चाळीस वर्षं पाड्यापाड्यावर वनदाव्याचे फॉर्म भरायला, जंगलखात्यानं धरलेल्या माणसाला सोडवायला, रेशनकार्डावर सही मिळवायला गेली. ते काम ना मंत्र्याच्या चरित्रात येतं ना आंदोलनाच्या फोटोत. त्यानं माणसं उभी राहिली. रस्ते झाले नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या नावावर आहेत.

भाचा : मी प्रांत झालो ना मामा, तर सहा महिन्यांत माझ्या उपविभागातले सगळे दावे बघीन.

मामा : माझाही?

भाचा : तुमचा माझ्यासमोर येऊ देणार नाहीत, नातं आहे. पण समजा आला. चार एकरांचा दावा, दीड एकराचा पट्टा. बाकीच्या अडीच एकराचा पुरावा काय?

मामा : कायद्यात दिलेल्या तारखेच्या, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसतोय.

भाचा : हे सगळेच म्हणतात. कागद?

मामा : दीड एकराला जंगलखात्यानं दंड केला होता, दोनदा. त्याच्या पावत्या तुझ्या आजोबांनी पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या. त्या लावल्या म्हणून तेवढं मिळालं.

भाचा : आणि अडीच एकराला?

मामा : तिथं वनरक्षक भला माणूस होता. त्यानं कधी दंडच केला नाही.

भाचा : म्हणजे त्याच्या भलेपणामुळं...

मामा : तेच. ज्यानं छळलं त्याचा कागद कामी आला.

भाचा : वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो मामा, नियमात आहे. कागदच पाहिजे असं नाही. ते शेत तेव्हापासून बघितलेलं कोणी म्हातारं माणूस आहे का?

मामा : वरच्या पाड्यावर एक बुवा आहेत. आम्ही नांगर धरायला त्यांच्याकडूनच शिकलो.

भाचा : मग उद्या सकाळी जाऊ. मी लिहून घेतो, ग्रामसभेपुढं ठेवू, अपिलाचा कागद करू.

मामा : लवकर निघू. उन्हं चढली की ते झोपतात. आणि मोठ्यानं बोल, त्यांना ऐकू कमी येतं.